शोभाबाईंची नवी पावली

नाचणगावात शोभाबाईंनी चहा सोडला की अख्ख्या गल्लीचा चहा सुटत असे. सत्त्याण्णव सालच्या हनुमान जयंतीच्या सप्ताहात त्यांनी तो सोडला आणि दुसऱ्याच दिवशी महिला भजन मंडळातल्या साऱ्याजणींनी चहापत्तीचे डबे वरच्या फळीवर ढकलले. नवरे बिचारे कपाळ धरून नानाजींच्या किराणा दुकानात येऊन बसू लागले. नानाजी म्हणजे शोभाबाईंचे यजमान. त्यांचंही कपाळ ठणकतच होतं. "बाई देवाचं नाव घेऊन राह्यली, अन् परसाद आपल्याले भेटून राह्यला," ते कण्हत म्हणाले.

शोभाबाईंचा खाक्याच तसा होता. "बोलून काई होत नाई, करून दाखवा लागते," एवढं म्हणायच्या आणि पदर खोचायच्या. त्यांनी देऊळ झाडायला घेतलं की बाया झाडू घेऊन हजर. भजनात त्यांनी डोळे मिटले की साऱ्यांचे मिटत, आणि त्या खोकल्या तर मागून दोघीतिघी भक्तिभावाने खोकत. फक्त एका माणसावर त्यांची मात्रा चालत नव्हती. ती म्हणजे त्यांची धाकटी जाऊ, भागीरथा.

लग्न होऊन आली तेव्हा फुगडीत भल्याभल्यांना चक्कर आणणारी पोर ती! पण नवरा गेला आणि तेव्हापासून ती देवळात भिंतीला पाठ लावून बसायची. तिला तिथे कोणी बसवलं नव्हतं हे खरं, पण धड कोणी उठवलंही नव्हतं. एकट्या शोभाबाईंनी हात धरून ओढून पाहिलं, रागावून पाहिलं. मग त्या स्वतःच मृदंगाच्या तालावर अशी देखणी पावली घालू लागल्या की बघून तिला मोह व्हावा. ताठ मान, मोजकं पाऊल, डोक्यावरचा पदर जागचा हलायचा नाही. भागीरथा कौतुकाने बघायची, टाळ्या वाजवायची आणि बसूनच राहायची. गाव देवापुढे आणलं आणि घरचं माणूस भिंतीशीच राहिलं, या विचाराने शोभाबाई रडकुंडीला यायच्या.

काल्याचा दिवस उजाडला. मारुतीसमोर लाह्यांची परात आणि गुळाची भेली मांडली होती. कवडूने मृदंगावर थाप दिली आणि बायांचं रिंगण सुरू झालं, पुढे अर्थातच शोभाबाई. भेली म्हटली की मुंगळे आलेच. त्यातला एक शोभाबाईंच्या लुगड्यात शिरला, पोटरी चढून गेला आणि गुडघ्यामागे कडकडून डसला.

"अगाई! राम राम राम!" शोभाबाई हातभर उडाल्या.

"राम राम राम!" मागे सुलोचनाबाई उडाल्या, त्यांच्यामागे सीताबाई, मग सारं रिंगण. शोभाबाईंनी पाय झटकला, साऱ्यांनी पाय झटकले. त्यांनी गुडघ्यामागे चापट मारली, रिंगणभर चापटा वाजल्या. त्या लंगडी घालत गरागरा फिरल्या, तर अख्खं मंडळ लंगडी घालत फिरू लागलं. कवडूने घटकाभर तोंड वासलं आणि मग हात असा मोकळा सोडला की देवळातली झुंबरं थरथरली.

"वा रे वा! बाईनं नवी पावली काढली!" पुरुषांतून कोणी ओरडलं, आणि दोन म्हातारेही लंगडी घालत घुसले.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं शोभाबाईंना झालं होतं. तेवढ्यात मुंगळा खाली पडला. सुटले एकदाची, म्हणून त्या थांबणार तोच त्यांची नजर भिंतीकडे गेली. तिथे कोणी नव्हतं. भागीरथा रिंगणात होती! पदर कमरेला खोचून, एका पायावर, खिदळत!

आता थांबायची काय टाप होती? त्या थांबल्या की बाया थांबणार, बाया थांबल्या की भागीरथा भानावर येणार आणि जाऊन बसणार. मुंगळा नव्हता, गुडघे बोंबलत होते, तरी शोभाबाई उडाल्या. काही चावलं नसताना पाय झटकला, चापट मारली, "राम राम राम!" ओरडल्या. अंबाडा सुटला. स्वतःच्या सोंगाचं त्यांना असं हसू फुटलं की सगळ्याजणी हसत सुटल्या. भागीरथाने येऊन त्यांचे दोन्ही हात पकडले आणि दोघींची फुगडी भिंगरीसारखी फिरली.

आरती झाल्यावर दोघी पायरीवर धापा टाकत बसल्या.

"भागीरथा, देवाच्या दारात खोटं नाई बोलत," शोभाबाई हळूच म्हणाल्या. "ते पावली-बिवली काई नव्हती. मले मुंगळा डसला व्हता."

"मले दिसला ना लुगड्यात शिरताना."

"मंग उठली काऊन वं?"

"बाई, तुमी येवढं नीट नाचता. मले वाटे, आपण उठलो अन् मधातच रडू आलं, तं तुमचं रिंगण नासन. आज तुमचंच सारं नासलं. पदर कुठी, पाय कुठी! म्हटलं, असं तं आपल्यालेई जमते."

"मंग आलं का रडू?"

"आलं ना, फुगडीत. तुमाले कसं दिसन? तुमीई तं रडूनच राह्यल्या व्हत्या."

 शोभाबाईंनी काल्याचा मोठा घास केला आणि आधी तिच्या तोंडात कोंबला.