साठ मैलांवरून

आकांक्षा घाडीचं बोलणं अर्ध्यात तुटलं ते गुरुवारी सकाळी, अकरा वाजून वीस मिनिटांनी. आवाज चांगलाच चढला होता, मुद्दा अगदी ओठांवर आला होता, आणि तेवढ्यात लॅपटॉपवर एक करडी पट्टी आली : ‘होस्टने तुमचा माइक बंद केला आहे.’ तिने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. होस्टने सोडल्याशिवाय माइक चालू होणार नव्हता. मीटिंगला होस्ट तीन होते आणि पट्टीवर नाव एकाचंही नव्हतं.

सगळी मंडळी परळच्या एकाच टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर, एकमेकांपासून दहा-दहा पावलांवर बसली होती. त्यांचा खेळ बाजारात आणणाऱ्या परदेशातल्या प्रकाशक कंपनीचे दोघं मीटिंगला होते, म्हणून प्रत्येकाने आपापल्या जागेवर हेडफोन चढवलेले. उठून ओरडली असती तरी सगळ्यांना ऐकू गेलं असतं. पण माणसाचं तोंड असं दाबलं की पहिली काही मिनिटं त्याला उठायचंसुद्धा सुचत नाही. आकांक्षा पडद्याकडे बघत बसून राहिली आणि मीटिंग तिच्यावाचून पुढे गेली. शेवटी डिझाइनचा प्रमुख यशोधन आपल्या गुळगुळीत आवाजात म्हणाला, "मग जॅमरचे साठचे वीस करूया. उद्याची टेस्ट झाली की शिक्कामोर्तब."

साठचे वीस! चार वर्षांची मेहनत अशी दोन शब्दांत निकालात निघाली.

‘दर्याफौज’ हा त्यांच्या कंपनीचा ऑनलाइन खेळ. एकेका लढाईत दोन-दोन हजार माणसं आपापल्या घरी बसून जहाजं चालवतात. त्यात जॅमर नावाचं एक किरकोळ जहाज आहे, ते आकांक्षाचं. त्याला तोफ नाही, जाड पत्रा नाही. पण साठ मैलांवरून ते शत्रूच्या जहाजांची रडारं आंधळी करतं आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं बंद पाडतं. ते कोणासाठी केलं हे तिला पक्कं ठाऊक होतं. कॉलेजात असताना लालबागच्या एका सायबर कॅफेत तिचा बावीस जणांचा गट दुसराच कुठलासा खेळ खेळायचा, आणि तीनशे-तीनशेंच्या टोळ्या दर रविवारी येऊन त्यांना चिरडून जायच्या. बाविसांनी तीनशेंसमोर उभं राहायचं तर लांबून मारता आलं पाहिजे, एवढं साधं गणित. वीस मैलांवर आणलं की जॅमर मोठ्या तोफांच्या टप्प्यात येणार, पहिल्या मिनिटाला बुडणार, आणि बाविसांनी पुन्हा आपलं मार खात बसायचं.

मोठे गट महिनाभर बोंब मारत होते हे खरं. पण खरी गोम निराळी होती, आणि तिच्यात आकांक्षाची स्वतःचीही चूक होती, म्हणून तर ती जास्त चिडली होती. इतकी वर्षं या हुशार मंडळींनी खेळाचा तोल एकाच आकड्यावर जोखला : कोण किती वेळा जिंकतं. शंभरात पन्नास इकडे, पन्नास तिकडे, की झाला तोल, चला चहाला. खेळ मधेच सोडून कोण जातं आणि का, हे कोणी पाहिलंच नाही. तिनेही गेल्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिलं. ज्यांच्यावर जॅमर चालला त्यांतले निम्मे चार मिनिटांत खेळ बंद करून निघून जात होते. जहाज बुडालेला माणूस शिव्या घालून परत येत होता. आंधळा-बहिरा होऊन बसलेला परत येत नव्हता. कोण मारतंय कळत नाही, कुठून ते कळत नाही, हातात करण्यासारखं काही नाही. ऑफिसातल्या टेस्टमध्ये जॅमर चालवायला सगळे धावत. त्याचा मार खायच्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं, ती स्वतःही नाही.

अंतर चुकलं नव्हतं, लपणं चुकलं होतं. गुरुवारी ती हेच सांगत होती आणि "म्हणून जॅमर जिथून चालतो ती जागा..." इथवर आली होती.

"यशोधनच. दुसऱ्या कोणाची हिंमत आहे?" खाली टपरीवर तिने चहाचा ग्लास असा आपटला की टपरीवाल्याने मान वर केली.

समोर हितेंद्र होता. सर्व्हरचं काम बघणारा, घोडपदेवचा. दोघं एकाच आठवड्यात नोकरीला लागले होते आणि या ऑफिसात मनातलं बोलायला तिला तेवढा एकच माणूस होता.

"सोड ना यार," तो म्हणाला. "किती भडकतेस. जरा थंड हो."

"थंड होऊ? माझं तोंड बंद केलं रे त्याने. बाहेरच्या लोकांसमोर."

"कोणी केलं ते कुठे माहितीय आपल्याला? होस्ट तर सरोजिनी मॅडमपण होत्या, मीपण होतो."

"सरोजिनी मॅडम बटण शोधेपर्यंत मीटिंग संपते. आणि तू करणारेस होय?" ती हसली, तसंच चिडकं हसू. हितेंद्रचं बिस्कीट तुटून चहात पडलं आणि तो खाली मान घालून ते बोटाने काढत राहिला.

संध्याकाळी ती पायीच लालबागला गेली, रागाने पाय भराभर पडत होते. चाळीच्या जिन्यातच आईचा, मीनाक्षीबाईंचा, आवाज ऐकू आला. वरच्या मजल्यावरून कोणीतरी गॅलरीत बादली रिकामी केली होती आणि मीनाक्षीबाईंच्या वाळत टाकलेल्या मिरच्या भिजल्या होत्या.

"पाणी ओतूचा आसा तर ओता," मीनाक्षीबाई वर बघून गरजत होत्या, "पण तोंड तरी दाखवा, मेल्यांनू!"

"आई, जाऊ दे. दिवसभर ओरडशील."

"जाऊ दे कशाक? तोंड दिसला तर भांडाक तरी येता. नायतर कोणाक बोलतलंय? भिंतीक?"

आकांक्षा चपला न काढता तिथेच पायरीवर बसली आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. आईला वाटलं पोरगी कंटाळली. पोरगी कंटाळली नव्हती, तिला सकाळचं राहिलेलं वाक्य पुरं करायचं होतं.

शुक्रवारी सकाळी तिने ते हितेंद्रपुढे ठेवलं. जॅमर साठ मैलांवरच राहील. पण तो चालू केला की ज्यांच्यावर चालला त्यांच्या नकाशावर एक लाल रेघ उमटेल, थेट त्याच्या जागेपर्यंत. आणि रेघेवर चालवणाऱ्याचं नाव. खऱ्या समुद्रातही तसंच होतं, जो एवढ्या जोरात लहरी सोडतो तो कुठे आहे हे हुडकता येतंच. मारायचं असेल तर मार, मग पळायची तयारीही ठेव.

हितेंद्रने काम झटपट केलं, त्या कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण नावापाशी तो अडला. "रेघ ठीक आहे. नाव कशाला? लोक भांडतील."

"भांडू देत. भांडणारा निदान जागेवर असतो."

"नाव दिसलं तर जॅमर कोणी चालवणारच नाही, आकांक्षा."

"ज्याला खरंच गरज आहे तो चालवेल."

त्याचं तोंड उतरलं. आकांक्षाने ते पाहिलं आणि कामाचा ताण म्हणून सोडून दिलं.

दुपारी तीनला टेस्ट. ऑफिसातली ऐंशी माणसं, चाळीस-चाळीस जहाजं. सगळ्यांसमोर ती यशोधनला म्हणाली, "तुम्ही आज माझ्या बाजूला बसा. मार खायच्या जहाजावर." सगळ्यांसमोर विचारल्यावर तो नाही म्हणू शकला नाही.

पहिला डाव जुन्या नियमाने. दोन मिनिटांत यशोधनचं रडार पांढरं झालं, हेडफोनमधले आवाज गेले. त्याने सुकाणू फिरवलं, खरखर ऐकली, बाजूच्या लोकांकडे पाहिलं. तिसऱ्या मिनिटाला त्याचा गुळगुळीत आवाज कुठल्या कुठे गेला. "अरे, कोण आहे हा? कुठून करतोय? मी करायचं काय इथे?"

"बसायचं," आकांक्षा म्हणाली. "चार वर्षं लोक हेच करतायत."

चौथ्या मिनिटाला त्याने हेडफोन काढून टेबलावर टाकले. तिने घड्याळाकडे बोट केलं.

दुसरा डाव नव्या नियमाने. रडार पुन्हा पांढरं झालं, पण या वेळी त्यावर लाल रेघ उमटली आणि टोकाला नाव आलं : हितेंद्र. यशोधन खुर्चीत पुढे सरकला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला हितेंद्रने जॅमर बंद करून जागा बदलली, पुन्हा चालू केला, पुन्हा दिसला. वीस मिनिटं नुसती धावपळ. शेवटी हितेंद्र निसटला, यशोधनचंच जहाज बुडालं, आणि बुडाल्यावर हा माणूस म्हणतो काय, "अजून एक डाव लावा."

लढाई जिंकल्यातच जमा होती. यशोधन उठून उभा राहिला. "साठ मैल राहू देत. रेघ उत्तम आहे. नावाचं मात्र... हितेंद्र, तुझं काय मत?"

"नाव नको," हितेंद्र म्हणाला. "उगाच वैयक्तिक होतं सगळं. रेघ पुरे."

"मलाही तसंच वाटतं. नाव काढून टाक, आकांक्षा."

आणि कालपासून दाबून धरलेलं सगळं उसळून वर आलं. "तुम्हाला नाव नकोच असणार!" ती ओरडली. ऐंशी माणसं जागच्या जागी थिजली. "काल माझा माइक बंद केलात तेव्हा तुमचंही नाव कुठे दिसलं? बटण दाबायचं, गप्प बसायचं, आणि वर साठचे वीस करायचे! समोर येऊन सांगायचं होतंत, आकांक्षा, गप्प बस. मी भांडले असते. भांडायला समोर माणूस तर हवा!"

यशोधन बघतच राहिला. "मी? मला वाटलं तुझं नेट गेलं. मी तर मीटिंगनंतर तुला विचारायला येणार होतो, पण तू निघून गेली होतीस."

"खोटं."

"थांबा जरा," मागून सरोजिनी मॅडम म्हणाल्या. मीटिंगची टिपणं त्या लिहीत, आणि त्यासाठी मीटिंगचा सगळा अहवाल उतरवून घेत, कोणी कधी कुठलं बटण दाबलं तेही त्यात असे. त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश लॅपटॉपवर बोट फिरवत यादीत खाली सरकल्या. "अकरा वीस. माइक बंद..." त्या थांबल्या. नाव वाचायची त्यांच्यावर पाळी आली नाही.

"मी केला," हितेंद्र म्हणाला.

आकांक्षाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कानशिलं तापली. काल टपरीवर, बिस्कीट काढत बसलेला हा माणूस. आणि ती त्याच्याचपाशी यशोधनला शिव्या देत होती.

"तू भडकली होतीस," हितेंद्र घाईघाईने सांगू लागला. "अजून दोन मिनिटं बोलली असतीस तर बाहेरच्या लोकांसमोर यशोधनला मूर्ख म्हणून बसली असतीस. नोकरी गेली असती तुझी. तुझ्यासाठीच केलं मी. सांगणारच होतो."

"कधी?"

तो हेडफोनची वायर गुंडाळू लागला.

ती यशोधनकडे वळली. "मी तुमच्यावर नको ते बोलले. माफ करा." हे शब्द तिच्या तोंडातून ओढून काढल्यासारखे आले, आणि तेही हितेंद्रच्याच पायी म्हणावे लागले याचा तिला पुन्हा संताप आला. मग ती हितेंद्रच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. रडायला येईल असं वाटत होतं, पण राग त्याहून मोठा होता.

"एकच सांग," ती म्हणाली. "काल त्या पट्टीवर तुझं नाव आलं असतं, तर दाबलं असतंस बटण?"

हितेंद्रने तिच्याकडे पाहिलं, मग यशोधनकडे, मग खाली.

"नाही," तो म्हणाला.

यशोधनने आपले हेडफोन उचलून जागेवर ठेवले.

"नाव राहू दे," तो म्हणाला.

आकांक्षा आपल्या खुर्चीवर परत गेली आणि बदलाची नोंद लिहायला बसली. राग काही उतरला नव्हता. थोड्या वेळाने हितेंद्र चहाला येतेस का विचारायला आला, तेव्हा तिने पडद्यावरून नजर न काढता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "नाही. आणि हे मी सांगतेय, आकांक्षा घाडी."