पुरुषाच्या रकान्यातले चार तास

"साडेसहा ते पावणेसात, वेणी," गोपीनाथ देवतळे म्हणाला.

"कुणाची?" मी विचारलं.

"कांचनची. माझी मुलगी. दोन वेण्या असतात न साहेब, एकीला सात-आठ मिनिटं जातातच."

मी पेन्सिल थांबवून त्याच्याकडे पाहिलं. पस्तिशीचा, काटकुळा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. कारखान्यात तो इन्स्पेक्शनला होता, तयार झालेला सुटा भाग मोजून पास की नापास ते ठरवायचं त्याचं काम. बरखेड्याच्या कामगार वसाहतीतल्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मी सरकारी फॉर्म मांडीवर घेऊन बसलो होतो.

अठ्ठ्याण्णव सालच्या त्या हिवाळ्यात सरकारने आम्हाला माणसांचा वेळ मोजायला धाडलं होतं. काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत घरातल्या प्रत्येकाने काय केलं, ते मिनिटांसकट लिहून आणायचं. सांख्यिकीच्या कचेरीत मी अठ्ठावीस वर्षं काढली होती. गुरं मोजली, विहिरी मोजल्या, हातमाग मोजले. वेळ मोजायची ही पहिलीच खेप. पण बालसंगोपनाच्या रकान्याने मला कधी त्रास दिला नाही. पुरुषाच्या नावापुढे शून्य टाकायचं, फार तर पोराला दुकानात नेलं म्हणून दहा मिनिटं. बायकोचं विचारलं की सगळे नवरे एकच सांगत, "ती काय, घरीच तर असते."

मी त्यांना नावं ठेवत नाही. माझी स्वतःची दोन मुलं अरेरा कॉलनीतल्या माझ्याच घरात वाढली, पण ती कशी वाढली हे मला विचाराल तर सांगता येणार नाही.

गोपीनाथला मात्र सगळं सांगता येत होतं. सहाला दूध, मग अंघोळ, वेण्या, डबा, आठला शाळेच्या रिक्षेत बसवणं. साडेबाराला ती परत आली की भरवणं, पाटीवर अक्षरं गिरवून घेणं. दीडला तिला शेजारच्या मनोरमाकाकूंकडे सोडून तो कामावर जायचा. रात्री परतला की झोपलेल्या मुलीला काकूंकडून उचलून आणणं, तिचा गणवेश धुणं, दप्तर भरणं. दोन वर्षांपासून त्याने सेकंड शिफ्टच मागून घेतली होती. मी बेरीज केली. चार तास दहा मिनिटं.

"आणि वहिनींचं?"

आतल्या दारात त्याची बायको प्रमिला बसली होती. अंगावर शाल, नजर जमिनीवर. मी तिलाच विचारलं, "काल दिवसभर काय केलंत?"

"बसले होते," ती म्हणाली.

"किती वेळ?"

तिने शाल गुडघ्यांवर ओढली. "तिचे गुडघे दुखतात," गोपीनाथ घाईने म्हणाला. मी लिहून घेतलं आणि उठलो.

तिसऱ्या दिवशी आमचे सुपरवायझर तिवारी यांनी तो फॉर्म माझ्या टेबलावर टाकला. दोन आकड्यांभोवती लाल गोल होते.

"दत्तात्रयजी, ये उलटा हो गया. औरत के सामने ज़ीरो, मर्द के सामने चार घंटे? कॉलम बदल गये आपसे. ठीक करके लाइये, नहीं तो गुरुवार को मैं खुद जाऊँगा, पड़ोस में पूछ लूँगा."

अठ्ठावीस वर्षांत माझा रकाना चुकला नव्हता. मला राग आला आणि त्या रागातच मी दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बरखेड्याला गेलो.

गोपीनाथ एकटाच पुढच्या खोलीत डाळ निवडत होता. मी लाल गोल त्याच्यासमोर धरले. "आमच्या साहेबांना वाटतंय, मी दोघांचे रकाने उलटे भरले. तुम्ही एकदा सांगा, बरोबर आहे म्हणून. नाहीतर ते शेजारी चौकशीला येतील."

त्याच्या हातातलं ताट खाली आलं. आतल्या दाराकडे पाहून त्याने आवाज बारीक केला.

"तुमचे साहेब म्हणतात तेच असू द्या न. उलटं झालं म्हणा. माझे चार तास तिच्या नावावर लावा."

"का?"

"मोठा भाऊ आहे माझा, भालचंद्रदादा. तीन गल्ल्या सोडून राहतो. म्हणतो, बायको वेडी झाली, तिला माहेरी अमरावतीला टाकून ये, पोरगी आम्ही सांभाळतो." त्याने पुन्हा दाराकडे पाहिलं. "वेडी नाही हो ती. दुसरं बाळ गेलं आमचं, जन्मलं त्याच दिवशी. तेव्हापासून अशी बसली ते बसलीच. हमीदिया हॉस्पिटलची गोळी चालू आहे. मी सगळ्यांना सांगितलंय गुडघे दुखतात, बाकी पोरीचं तीच करते. शाळेत मॅडम म्हणतात, आई काय छान वेण्या घालते. मी हो म्हणतो. झाकली मूठ आहे, साहेब. तुमचे साहेब शेजारी विचारत फिरले तर मूठ उघडेल, दादा संध्याकाळीच येईल, तिला न्यायला."

"मग त्या दिवशी मला खरं कशाला सांगितलंत?"

"तुम्ही मिनिटं विचारलीत न," तो ओशाळून म्हणाला. "मिनिटं विचारली की मला खोटं नाही येत."

काय करावं मला कळेना. खोडरबर घेऊन दोन आकडे इकडचे तिकडे करायचे, एवढंच तर होतं. तिवारी खूश, गोपीनाथचं घर शाबूत, आणि देशाच्या हिशोबात आणखी एक बाप शून्यावर. मी खरोखरच खिशातून रबर काढलं.

"नका लिहू तसं."

प्रमिला दारात उभी होती. भिंतीला धरून, पण उभी. गोपीनाथ धडपडून उठला. "अगं, तू पड ना..."

"त्यांनी केलेलं माझ्या नावावर नको," ती माझ्याकडे बघत म्हणाली. आवाज वापरात नसल्यासारखा घोगरा होता. "मी नाही केलं. मला होत नाही. एक करते फक्त. ती शाळेतून आली की तिचे बूट काढते. ते ह्यांनाही माहीत नाही, हे तेव्हा ताट वाढत असतात. ते लिहाल तर लिहा."

"किती वेळ लागतो?" मी विचारलं. सवयीने तोंडातून गेलं, आणि लगेच माझीच मला लाज वाटली.

"माहीत नाही. दोन मिनिटं असतील."

दहा मिनिटांच्या खालचं काही लिहायचं नाही अशी आम्हाला ताकीद होती. मी तसं म्हणालो नाही. आम्ही तिघं मुलीच्या रिक्षेची वाट पाहत बसलो. मध्येच गोपीनाथने चहा केला आणि तो कुणीच पुरता प्यायलं नाही.

साडेबाराला रिक्षेची घंटा वाजली. कांचन दप्तर फरपटत आत आली, मला पाहून बुजली आणि सरळ आईसमोर जाऊन उभी राहिली. प्रमिला खाली बसली. बुटाची बकल तिच्या बोटांत येईना. एकदा सुटली, पुन्हा अडकली. मुलीने आईच्या डोक्यावर हात टेकला आणि न कंटाळता एका पायावर उभी राहिली, जणू रोजचंच होतं. मग दुसरा बूट. मग मोजे, एकात एक गुंडाळून. गोपीनाथ हातात रिकामं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात होता. त्याचे डोळे एकदा घड्याळाकडे आणि एकदा बायकोच्या हातांकडे जात होते.

"दोन नाही, साहेब," तो म्हणाला. "चार मिनिटं."

मी स्त्रीच्या रकान्यातलं शून्य खोडून चार लिहिलं. पुरुषाचे चार तास दहा मिनिटं होते तसेच ठेवले. खाली शेरा मारला, "प्रत्यक्ष हजर राहून पडताळणी केली, नोंद बरोबर आहे, पुन्हा चौकशीची गरज नाही," आणि तारखेसह सही केली. त्या सहीवर तिवारी बोट ठेवणार नव्हते, एवढी पत मी अठ्ठावीस वर्षांत कमावली होती.

मग मी फॉर्म प्रमिलासमोर धरला. तिने तो हातात घेतला, आपलं नाव शोधलं, त्याच्यापुढचा आकडा बराच वेळ पाहिला आणि मान वर करून नवऱ्याला विचारलं,

"भाऊजी आले, तर हे त्यांना सांगायचं ना?"

"सांगू," गोपीनाथ म्हणाला. "मीच सांगीन."