न तुटलेली फीत

योकोहामाच्या धक्क्याला साखळदंडांनी बांधून ठेवलेल्या, आता संग्रहालय झालेल्या त्या जुन्या जहाजावर तोमिए दर गुरुवारी तिकीट काढून चढायची. तिकीटवाला म्हणायचा, "आजी, आत नवीन काही नाही हं."

"म्हणून तर येते," ती फटकारायची.

त्या जहाजानं काय नाही पाहिलं! आधी श्रीमंतांना अमेरिकेला नेलं, युद्धात पांढरा रंग फासून जखमी वाहिले, मग हरलेले शिपाई घरी आणले. तोमिएचा राग होता तो त्यानंतरच्या फेऱ्यांवर. पन्नास वर्षांपूर्वी तिची थोरली बहीण किनुए लग्न करून याच जहाजानं सिअॅटलला गेली, आणि अंथरुणाला खिळलेली आई एकोणीस वर्षांच्या तोमिएच्या गळ्यात पडली.

निघताना किनुएनं डेकवरून कागदी फितीचं गुलाबी रीळ फेकलं. एक टोक जाणाऱ्याच्या हातात, एक राहणाऱ्याच्या; जहाज लांब गेलं की फीत आपसूक तुटते. तोवर सोडायची नसते.

"जाऊन येते गं!" किनुए ओरडली.

"जाऊन ये" म्हणायचं राहिलं बाजूला, तोमिएनं मुद्दाम फीत सोडून दिली. पुढं आलेल्या एकाही पत्राला तिनं उत्तर दिलं नाही. राग कधीच विझला होता, पण मग लाज आडवी येत राहिली.

आज किनुएची मुलगी नाओमी आईच्या अस्थी घेऊन आली होती. भेटायचं ते जहाजावरच, असं आईनंच सांगून ठेवलं होतं. डेकच्या बाकावर नाओमीनं पांढऱ्या कापडातलं गाठोडं ठेवलं आणि बिस्किटांचा एक गंजका डबा उघडला. आत विटलेल्या कागदी फितीचं रीळ होतं, अख्खं.

"मावशी, आई सांगायची, सगळ्यांच्या फिती तुटल्या, माझी एकटीची राहिली. तोमिएनं तोडली नाही, मला परत गुंडाळून घेऊ दिली. म्हणजे परतीची वाट शाबूत आहे. तिनं 'ये' म्हणायची खोटी, मी निघालेच."

"मग आली का नाही?"

नाओमी घुटमळली. "तुमच्या पत्राची वाट बघत होती. रोज टपालपेटी उघडून बघायची. शेवटपर्यंत."

तोमिएला रडू आवरेना. फितीचं टोक तिनं घट्ट मुठीत धरलं आणि दुसरा हात गाठोड्यावर ठेवला.

"ये गं ताई," ती म्हणाली. "ये."