दोनशे बाराव्या पानावरची हिरवी चिठ्ठी

चांगलं पुस्तक माणसाला मुळापासून बदलून टाकतं. मी नऊ दिवसांत चारशे सोळा पानांची एक कादंबरी वाचली आणि माझ्यात झालेला बदल असा, की मान डावीकडे वळेनाशी झाली.

कादंबरी किशोरवयीन मुलींसाठी होती. मी त्रेपन्न वर्षांचा आहे आणि रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. लोकांचं रक्त पिशवीत घ्यायचं, तपासायचं आणि पिशवीला चिठ्ठी डकवायची. ठीक असेल तर हिरवी, नसेल तर पांढरी, आणि पांढरीवर कारण आणि सही. चिठ्ठीशिवाय आमच्याकडून काही बाहेर जात नाही. सव्वीस वर्षं हेच करतोय. आता घरी दुधाची पिशवी उचलली तरी दुसरा हात खिशातल्या चिठ्ठ्यांकडे जातो.

पाच महिन्यांपूर्वी बायको गेली. तिसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. रडूबिडू आलं नाही. जेवत होतो, झोपत होतो, पण सगळं बधिर केलेल्या दाढेसारखं. जागेवर आहे हे कळतं, आपली आहे हे कळत नाही. आमच्या बारकीला (वय सोळा, उंची माझ्यापेक्षा दोन बोटं जास्त) त्या तिसऱ्या दिवसाचा राग होता. तेव्हापासून ती माझ्याशी शब्द मोजून बोलायची. "किल्ली." "गॅस." "नको."

मग मेहुणीचा फोन आला.

"भाऊजी, पोरीला माझ्याकडे राहायला पाठवा. तुमच्या घरी भिंतीसुद्धा दबकून उभ्या असतात."

"तिला विचारतो," मी म्हणालो.

विचारलं. बारकीने दप्तरातून एक जाडजूड पुस्तक काढून टेबलावर आपटलं. मुखपृष्ठावर एक तरुण व्हॅम्पायर होता. पाहताक्षणी लोहाच्या गोळ्या लिहून द्याव्यात इतका फिकट.

"हे वाच. पूर्ण. तुझं मत सांग."

"आणि मावशीचं?"

"मावशी पुढच्या रविवारी येतेय ना? तोवर वाच. मग बघू."

पाच महिन्यांतलं ते आमचं सर्वांत लांब संभाषण. ती गेली असती तर घरात मी आणि फ्रिज असे दोघेच उरलो असतो, आणि त्यातल्या त्यात फ्रिज अधूनमधून आवाज तरी करतो. मी पुस्तक डब्याच्या पिशवीत टाकलं आणि कामावर नेलं.

"अय्या, हे तुम्ही वाचताय?" आमच्या नोंदणीवाल्या बाई म्हणाल्या. "माझ्या भाचीने तीनदा वाचलंय. पोरी नुसत्या मरतात त्याच्यावर."

"मरावंच लागतं. सत्तराव्या पानावर तशी अटच आहे."

"पण तो कसा वाटला तुम्हाला?"

"वय तीनशे बारा आणि अजून शाळेतच. अभ्यासात कच्चा असावा."

"शी! किती रुक्ष हो तुम्ही."

"नायिकेचं वजनसुद्धा कुठे दिलेलं नाही. हिमोग्लोबिन न तपासता आठवड्यात तीनदा त्याला रक्त देते ती. आणि वर नाचायला जाते."

बाईंनी पुढच्या रक्तदात्याला हाक मारली.

वाचताना हाताला सवय होती ते हाताने केलं. जिथे चूक दिसली तिथे पांढरी चिठ्ठी. हा व्हॅम्पायर नुसत्या वासावरून रक्तगट ओळखतो. आम्हाला त्यासाठी रसायनांच्या तीन बाटल्या आणि एक माणूस लागतो. चांदीच्या पेल्यात रक्त रात्रभर राहतं आणि गोठत नाही. सुई नाही, कापूस नाही, नंतर दहा मिनिटं आडवं व्हायला कोणी सांगत नाही. शनिवारपर्यंत छत्तीस पांढऱ्या चिठ्ठ्या झाल्या आणि पुस्तक मिटेनासं झालं.

रविवारी मेहुणी सकाळी नऊलाच आली. बारकीची बॅग भरून दाराशी होती. म्हणजे ठरवणं वगैरे उरकलेलं दिसत होतं. तरी मी पुस्तक टेबलावर ठेवलं.

"हे काय करून ठेवलंय?" बारकी म्हणाली.

"मत. कारणं लिहिली आहेत. सही आहे."

"भाऊजी," मेहुणी म्हणाली, "पोरीने पुस्तक दिलं होतं. प्रयोगशाळेतला नमुना नव्हे."

बारकी उभ्याउभ्याच पानं उलटू लागली. "'दात निर्जंतुक केलेले नाहीत.' बाबा, सिरियसली?" एकदा तिच्या नाकातून हसण्यासारखा आवाज आला. मग ती एका पानावर थांबली.

"ही एकच हिरवी का आहे?"

मी चष्मा चढवून पाहिलं. पान दोनशे बारा. नायिकेची आई इस्पितळात दगावते. व्हॅम्पायर तिला वाचवू शकत नाही. तो बाहेरच्या बाकावर रात्रभर बसतो, कोणाशी बोलत नाही, आणि सकाळी उठून वर्गात जाऊन बसतो. सगळी शाळा त्याला दगड म्हणते.

"इथे काही चुकलेलं नाही," मी म्हणालो.

बारकीने ते पान पुन्हा वाचलं. मेहुणीने घड्याळ पाहिलं.

"तू का गेलास तेव्हा? कामावर?"

"तिथे पुढे काय करायचं ते माहीत होतं. दाब बघायचा, सुई लावायची, मुंग्या येतायत का विचारायचं. घरी काय करायचं ते कोणी सांगितलं नव्हतं."

"मला विचारायचंस."

"तू झोपली होतीस."

"मी झोपले नव्हते."

माझा हात खिशातल्या चिठ्ठ्यांकडे गेला. बारकीने पुस्तक काखेत मारलं, दाराशी गेली, बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली.

"अगं, बस चुकेल!" मेहुणी म्हणाली.

"मावशी, मी सुट्टीत येईन."

मेहुणीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच कोणाला तरी चावलो होतो. मग चहा घेतला आणि गेली.

संध्याकाळी मी भांडी घासत होतो, बारकी पुसत होती. सव्वीस वर्षांत माझ्या चिठ्ठीचा कोणावर इतका परिणाम झाला नव्हता. म्हणून विचारलं, "त्या पानामुळे थांबलीस?"

"नाही रे," ती म्हणाली. "मावशीच्या घरून शाळेला दोन बस बदलाव्या लागतात."

"मग पुस्तक कशाला वाचायला लावलंस?"

"मला शेवट काय होतो ते कळायला हवं होतं. मी चाळिसाव्या पानावर सोडलं होतं."