बाबांच्या काकडीचं वाण

बाबा गेले आणि रोपवाटिकेची दोघा भावांत वाटणी झाली. शेड, कुंड्या, पाण्याची टाकी, सगळं बिनबोभाट निम्मं-निम्मं झालं. घोडं अडलं ते मूठभर बियांपाशी. बाबांनी जन्मभर निवडून निवडून काकडीचं एक वाण तयार केलं होतं आणि ते दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं. थोरल्याच्या मते त्यावर हक्क त्याचा एकट्याचा. धाकट्यानं आयुष्यात केलं काय, तर बाबांचा लाडका होणं!

लोकलाजेस्तव थोरल्यानं निम्मं बी दिलं. पण देण्याआधी ते तव्यावर मंद आचेला शेकून घेतलं. रंग तोच राहिला, आतला जीव गेला.

"अहो, सख्खा भाऊ आहे तो," बायको म्हणाली.

"तू तुझं काम बघ."

आपला वाटा त्यानं त्याच दिवशी बरणीत भरला, झाकण घट्ट लावलं आणि कपाटाला कुलूप घातलं. न जाणो, धाकटा हात मारायचा! नुकतंच काढलेलं बी अजून ओलसर होतं. बाबा असते तर म्हणाले असते, आधी सावलीत वाळू दे. पण संशयाला कुठला आलाय धीर!

पेरणीच्या वेळी बरणी उघडली, तर कुबट वास आला. तरी त्यानं बी धुतलं, ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवलं. काकडी फार वाट बघायला लावत नाही. आधी पांढरं मूळ टोक काढतं, मग मान वाकवून कोंब वर येतो, टरफल झटकतो आणि दोन जाड पानं उघडतो. लहानपणी बाबांनी दोघांना शेजारी बसवून हे दाखवलं होतं. थोरला रोज सकाळी फडकं सोडून बघायचा. शेवटी आत नुसता लगदा उरला. दुसऱ्याला अपशकुन करायला निघालेल्यानं स्वतःचंच नाक कापून घेतलं होतं. आता ते वाण जगात कुठेच नव्हतं, आणि हे त्याला एकट्याला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात धाकटा आला. डोळे खाली.

"दादा, माझं एकही उगवलं नाही रे. मीच पाणी जास्त घातलं असणार. बाबा म्हणायचेच, तुझा हात जड आहे." मग चाचरत म्हणाला, "तुझी आली असतील ना? दोन-चार रोपं देशील?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते थोरल्याच्या ओठांवर आलंही होतं. पण मागे फळीवर बाजारच्या बियाण्याची काकडी नुकती दोन पानांवर आली होती, आणि त्या वयात सगळ्या काकड्या सारख्याच दिसतात. त्यानं अख्खा ट्रे उचलून भावाच्या हातात दिला.

धाकट्याचे डोळे भरून आले. एका पानाला हलकेच बोट लावत तो म्हणाला, "अगदी बाबांचीच! तू होतास म्हणून वाण राहिलं, दादा."

थोरल्यानं मान हलवली.

"पाणी बेतानं घाल," तो म्हणाला.