वडापासून उजवीकडे

"जालन्यात बघायला आहे तरी काय?" असं वंदनाला विचारायची सोय नव्हती. भोकरदनच्या शाळेत भूगोल शिकवणारी ही बाई एरवी गरीब गाय, पण एवढा एक प्रश्न कानावर पडला की तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. मग समोर घरचा पाहुणा असो की शाळा तपासायला आलेला साहेब, त्याला गोदाकाठच्या घाटांपासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत सगळा जिल्हा उभ्या उभ्या ऐकावा लागायचा. नवरा एकदा म्हणाला, "अगं, एवढं तोंडानं सांगण्यापेक्षा लिहून तरी काढ." बिचारा चेष्टेत बोलला आणि फसला. त्यानंतर कितीतरी वर्षं त्याच्या रविवारांची पार माती झाली. आज घनसावंगीला जीपमध्ये दाटीवाटीनं बसून जा, उद्या परतूरच्या स्टेशनावर उतरून बाजार पालथा घाल, आणि बायको कुठल्यातरी देवळाच्या ओट्यावर बसून लिहितेय तोवर उन्हात उभा राहा.

असं ते पुस्तक झालं. जालना जिल्ह्यात पायी आणि एसटीनं कसं फिरावं, कुठं थांबावं, आणि ज्या गावात जाल तिथली माणसं परत बोलावतील असं कसं वागावं, हे सगळं त्यात होतं. पुण्याचे एक प्रकाशक जिल्ह्याजिल्ह्यांची प्रवासाची पुस्तकं काढायचे. त्यांना तिनं ते पाठवलं. उत्तर आलं की मजकूर चांगला आहे, पण जालन्याचं वेगळं पुस्तक खपणार नाही, शेजारच्या जिल्ह्याच्या पुस्तकात शेवटी चार पानं जोडू.

"चार पानं?" वंदना कडाडली. राग आला की शाळेतली भाषा सुटायची आणि धावड्याची तोंडात यायची. "माझा जिल्हा म्हंजे काय कुणाचं शेपूट हाय का?"

तिनं फोनवर फोन केले. शेवटी शीतल नावाची संपादक फोनवर आली. आवाज एकदम शांत. ती म्हणाली, "मी येते. तुमच्या पुस्तकातली एक वाट मी निवडीन आणि पानं हातात घेऊन एकटी चालेन. मोबाईल पिशवीत राहील, रस्ता कुणाला विचारणार नाही. नुसत्या पानांवर पोचले, तर वेगळं पुस्तक निघेल. नाही पोचले, तर चार पानं."

"कबूल," वंदना म्हणाली.

आणि शीतलनं वाट निवडली ती नेमकी धावड्याची! धावडा म्हणजे वंदनाचं माहेर. स्टँडपासून निघायचं, जुन्या बारवेपाशी पोचायचं. एके काळी कापूस लादलेल्या बैलांचे तांडे याच वाटेनं डोंगर ओलांडून उत्तरेला जायचे आणि बारवेवर मुक्काम टाकायचे. तांडे गेले, पण वाटेवरचा रांजण राहिला. धावड्यात रांजणाची पाळी असते. आज या घरानं भरायचा, उद्या त्या घरानं. हल्ली त्या वाटेनं वाटसरू दिसला तर दिसला, पण पाळी चुकवायची कुणाची टाप नाही. ज्याची पाळी त्यानं रांजणापाशी बसायचं, येणाऱ्याला पाणी द्यायचं, "कुठले पाव्हणं? कुठं निघाले?" असं विचारायचं आणि त्याला बरोबर वाटेला लावून द्यायचं.

आता इथंच तर घोडं पेंड खात होतं. धावड्याची माणसं वाट सांगितल्याशिवाय राहतील होय? वंदना आदल्या दिवशीच माहेरी गेली आणि घरोघर फिरून तिनं सगळ्यांना शपथा घातल्या. नेमकी दुसऱ्या दिवशी पाळी होती तिच्या चुलतीची, केशरबाईची. ही बाई गप्प बसायची ती फक्त झोपेत, आणि तेही नक्की नाही.

"न विचारता पानी द्यायचं?" केशरबाईनं कपाळावर हात मारला. "अगं, दारात कुत्रं आलं तरी आपुन हाड म्हनतो. मानसापुढं मुकं बसायचं?"

"काकू, तू एक शब्द बोललीस तर माझं पुस्तक गेलं."

"एवढं?"

"एवढं."

"बरं बाई," केशरबाई म्हणाली, "घातलं कुलूप तोंडाला." आणि तिनं पदराचं टोक खरंच तोंडात धरलं.

श्रावणातली उघडीप होती. सकाळी शीतल एसटीतून उतरली, पानं हातात घेतली आणि कुणाकडं न बघता चालू लागली. वंदना दुसऱ्या रस्त्यानं जहांगीर चाचांच्या फटफटीवर बारवेला जाऊन बसली. चाचांचं स्टँडवर चहाचं हॉटेल, आणि ते वंदनाच्या वडिलांचे जिगरी दोस्त. येताना त्यांनी थर्मासभर चहा आणला होता.

वंदनाचा ऊर नुसता भरून आला होता. "ऐका चाचा, कसं लिहिलंय," म्हणत तिनं आपल्याजवळची प्रत उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागली. "रांजणाचं पाणी प्या. प्यालात तर हापशावरून एक घागर आणून त्यात ओता, म्हणजे मागून येणाऱ्याला मिळेल. तिथून सरळ चाला. तीन वाटा फुटतात तिथं मोठा वड आहे. वडापासून उजवीकडे वळा."

"वाह, बहोत खूब," चाचा म्हणाले. चहाचा एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "बेटी, वड कोन्ता?"

"कोणता म्हणजे? आपला वड."

"आपला वड तं कवाच पडला. तुझं लगीन होऊन तू गेल्ती, त्याच उन्हाळ्यात वादळ न्हाई का आल्तं? मुळासकट उपटला. भुजंगच्या बैलगाडीत लाकडं भरून नेल्ती, मी सोता हात लावल्ता."

वंदनानं ती ओळ पुन्हा वाचली. वड पडला होता. तिला माहीत होतं, बिलकुल माहीत होतं! आईनं तेव्हा फोनवर सांगितलं होतं आणि ती रडलीही होती. पण गाव अजून "वडापाशी" म्हणायचं. वडापाशी बैल सुटला, वडापाशी दोघांची जुंपली, वडापासून वळ. चैत्रात ती काकूबरोबर ही वाट चालली होती, तोंडानं गप्पा, पायाखालची वाट, बघतंय कोण! सगळ्या जिल्ह्याला डोळे उघडे ठेवून फिरा म्हणून सांगणाऱ्या बाईनं स्वतःच्याच गावात डोळे मिटून लिहिलं होतं.

"ती सरळ गेली तर डोंगरात शिरंल," वंदना म्हणाली.

"मी बी रोज म्हनतो ना, वडापाशी चाल्लो म्हनून. कुनाच्याच ध्यानात न्हाई आलं," चाचा म्हणाले आणि उठलेच. "चल, जल्दी. फटफटी काढतो. न्हाईतर केशर भाभीला फोन लाव. ती नुसतं बोट दाखवील, बोलायचं बी काम न्हाई. कुनाला कळतंय?"

वंदनानं फोन काढला. काकूचा नंबर समोर होता, अंगठा त्यावर होता. एवढ्या वर्षांची पायपीट, नवऱ्याचे रविवार, सगळं त्या अंगठ्याखाली आलं होतं. कुणालाच कळलं नसतं, हे खरं होतं. पण उद्या कुणी परगावचा माणूस हे पुस्तक घेऊन त्या तिवाट्यावर उभा राहिला, तर त्याला बोट दाखवायला कोण येणार होतं?

तिनं फोन पिशवीत टाकला.

"न्हाई चाचा. चूक माझी हाय. हारायचं तं खरं हारू. खोटं जिंकून त्या पुस्तकावर माझं नाव कसं लावू?"

चाचा परत खाली बसले. त्यांनी तिच्या कपात आणखी चहा ओतला आणि तो तसाच गार झाला. ऊन बारवेच्या पायऱ्या उतरत खाली गेलं. यायची वेळ झाली, टळून गेली. वंदनानं मनातल्या मनात त्या चार पानांत काय काय बसेल ते मांडून पाहिलं. काहीच बसत नव्हतं. तिला रडू आलं, आणि चाचांपुढं लपवायचं कशाला म्हणून ती रडली.

"बेटी," चाचा एकदम म्हणाले, "ते बघ."

मक्याच्या तुऱ्यांवरून एक टोपी पुढं सरकत येत होती. टोपीखाली शीतल होती. एक खांदा चिंब भिजलेला, चपला चिखलानं भरलेल्या. ती सरळ वंदनासमोर येऊन उभी राहिली.

"तुमच्या पुस्तकात चूक आहे," ती म्हणाली.

"माहितीय," वंदनानं डोळे पुसले. "वड नाहीये. पडून कितीतरी वर्षं झाली. मी न बघता लिहिलं. तुम्ही पोचलात हे तुमचं नशीब, माझी पानं नव्हेत. चार पानं छापा, माझी तक्रार नाही."

"अहो, मला बोलू तर द्या! आधी मला उशीर का झाला ते ऐका. तुम्ही लिहिलंय, पाणी प्यालात तर घागर आणा. म्हणून हापशावर गेले आणि घागर आणली. अर्धी रांजणात गेली, अर्धी माझ्या अंगावर. तिथं एक बाई बसल्या होत्या. एक अक्षर बोलल्या नाहीत, पण मी घागर उचलली तेव्हा आता रडतात की काय असं वाटलं." शीतल बारवेच्या कठड्यावर टेकली. "मग तीन वाटांपाशी आले. झाड नाही. म्हटलं, संपलं, हरल्या वंदनाबाई. मागं वळले आणि पायाशी पार दिसला. रिकामा पार, मधे गवत. पण त्याच्याभोवती सूत गुंडाळलेलं होतं. वर यंदाचं, खाली जुनं, पावसानं काळं पडलेलं, थरावर थर. वटपौर्णिमेचं सूत मी ओळखणार नाही का? सूत आहे म्हणजे वड इथंच. उजवीकडे वळले."

लग्नानंतर वंदनाची वटपौर्णिमा भोकरदनच्या वडापाशी व्हायची. इथल्या बाया अजून त्या मोकळ्या पाराला फेरे घालतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं धावड्यात कुणाला वाटलंच नसेल.

"वड नाही, ही चूक मी सोडून देईन," शीतल म्हणाली. "पण एवढी मोठी गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, ही चूक नाही सोडणार. ते पान नव्यानं लिहा. आणि पुस्तक वेगळं निघेल. अख्खं, जालन्याचं."

वंदनानं चाचांचा हात घट्ट धरला. "माशाल्ला!" चाचा एवढ्या मोठ्यानं ओरडले की बारवेतले पारवे फडफडून बाहेर आले.

तेवढ्यात मका सळसळला आणि केशरबाई बाहेर आली. तिच्यामागं निम्म्या गावच्या बाया. पाव्हणी वाट चुकू नये म्हणून सगळ्या तोंडात पदर धरून लांबून मागं मागं आल्या होत्या. पदर सोडून केशरबाईनं विचारलं, "वंदे, आता बोलू का?"

"बोल काकू, बोल! जिंकलो आपण!"

"काकू," शीतलनं विचारलं, "झाड नाही तरी तिथंच सूत का बांधता?"

"नवऱ्याचे दात पडले म्हून नवरा बदलावा का?" केशरबाई म्हणाली, आणि मग सकाळपासून पोटात दाबून धरलेला प्रश्न एकदाचा बाहेर आला. "कुठली गं बाई तू?"

"पुण्याची."

"पुन्याची?" केशरबाईनं तिचा भिजलेला खांदा आपल्या पदरानं पुसला आणि अगदी मनापासून विचारलं, "मंग तितं बघायला काय हाय?"

शीतल तोंड उघडून विचार करत राहिली, आणि वंदना इतकी हसली, इतकी हसली, की तिला बारवेच्या पायरीवर बसावं लागलं.