नुरहयातचे कप

नुरहयातच्या पत्राला ओटमार त्साइटलरने उत्तर दिलं नाही, ही गोष्ट जर्मनीतल्या झेल्ब गावात त्याच्याखेरीज दोघांनाच ठाऊक होती. एक त्याची बहीण गेर्लिंडे आणि दुसरा नुरहयातचा भाचा सेल्चुक. आणि दोघंही ती त्याला विसरू देत नसत.

पत्र क्युताह्याहून आलं होतं, डोबरलाइनचा चिनीमातीचा कारखाना बंद पडला त्याच वर्षी. नुरहयात त्याआधीच तुर्कस्तानात परत गेली होती. जेवणाच्या सुट्टीत ओटमारनेच शिकवलेल्या जर्मनमध्ये, मोठमोठ्या अक्षरांत तिने लिहिलं होतं:

"ओटमारभाऊ, चुका दिसतील त्या सोडून द्या. इथे क्युताह्यात घरटी एक जण बश्या नाहीतर फरशा रंगवतो, त्यामुळे मातीतलं आपल्यालाच कळतं असं जो तो समजतो. मी त्यांना सांगते, मी डोबरलाइनमध्ये कपांना कान लावलेत, मला शिकवू नका. आता माझा जावई म्हणतो, ते डोबरलाइन बुडालं, बुडालेल्याची कसली ऐट मिरवता. मी सगळ्यांदेखत त्याला सांगितलं, मी ओटमारभाऊंना विचारते, ते खोटं बोलत नाहीत. तेव्हा लगेच लिहा. आपलं धुराडं चालू आहे ना?"

ते खोटं बोलत नाहीत, हे एक वाक्य नसतं, तर ओटमारने काहीतरी गोडगोड लिहून हात झटकले असते. पण धुराडं बंद होतं. खरं लिहावं तर ती जावयापुढे तोंडघशी पडणार. खोटं लिहावं तर ते त्याच्या हातून होणार नव्हतं. शिवाय आयुष्यभर त्याने डोबरलाइनमध्ये तपासनीसाचं काम केलेलं. भट्टीतून निघालेला कप उचलायचा, लाकडी काडीने हलकेच वाजवायचा, आवाज बद्द आला की बाजूला ठेवायचा. पत्रांचंही तसंच झालं. त्याने लिहिलेला प्रत्येक कागद त्याला कुठे ना कुठे तडा गेलेला वाटे, आणि तो बाजूला ठेवला जाई. तसं बघितलं तर तो पुस्तकांत रमणारा माणूस. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचताना त्याला कधी शंका येत नसे, स्वतः लिहिलेलं मात्र पटत नसे.

दर बैरामला, म्हणजे ईदला, सेल्चुक मावशीला फोन करी आणि नंतर रस्त्यात ओटमार भेटला की म्हणे, मावशी विचारत होती. काय विचारत होती, हे तो सांगत नसे आणि ओटमारही विचारत नसे.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका वर्षी मे महिन्यात गेर्लिंडेने निवृत्तांच्या मंडळाच्या सहलीत दोघांची नावं घातली. सहल होती चिनीमातीच्या रस्त्याची. झेल्ब, होहेनबेर्ग, मग सीमेपलीकडे चेक बाजूला लोकेत, तिथे जेवण आणि संध्याकाळी परत. ओटमार म्हणाला, ज्या रस्त्यावर आपण जन्मलो त्या रस्त्याच्या सहलीला पैसे देऊन कोण जातं. गेर्लिंडे म्हणाली की जगभरची माणसं येतात, आणि तू खिडकीतून बघण्यापलीकडे काय केलंस? निदान नुरहयातला लिहायला काही सापडेल. बस चालवणार होता सेल्चुक. म्हणजे दिवसभर दोघांच्या तावडीत सापडण्यासारखंच होतं. तरी ओटमार गेला, कारण नाही म्हणायलाही त्याला वेळ लागे.

बसमधले सगळे म्हातारे एकाच मातीचे. कुणी भट्टीवर काम केलेलं, कुणी साच्यांवर, कुणी झिलईच्या हौदापाशी. गेर्लिंडेने तरुणपणापासून दुसऱ्या एका कारखान्यात कपांवर फुलांची चित्रं चिकटवलेली. डोंगरउतारावर फरची काळपट हिरवी झाडं, खाली एगर नदी, मध्येच मोहरीसारखी पिवळीधमक शेतं, आणि वळणावळणावर तपकिरी पाट्या: चिनीमातीचा रस्ता. पाटी आली की कुणीतरी म्हणायचं, आपल्या कामाची आता पाटी झाली. हसायचे सगळे, पण पाटी मात्र वळून वळून बघायचे.

डोबरलाइनच्या गावातून जाताना सेल्चुकने बसचा वेग मुद्दामच कमी केला. धुराडं होतं तिथे आता सुपरमार्केट होतं आणि त्यापुढे मोटारी लावायची जागा. सेल्चुकने आरशातून ओटमारकडे पाहिलं. ओटमार गुडघ्यावरच्या टोपीकडे बघत बसला.

होहेनबेर्गच्या संग्रहालयात डोबरलाइनचाही एक कप होता. काचेच्या कपाटात, मंद दिव्याखाली, साधा, जाड, पांढरा. डोबरलाइनचा माल हॉटेलांसाठी, इस्पितळांसाठी, रेल्वेच्या भोजनडब्यांसाठी. त्यात नक्षी नाही, सोनं नाही. पट्टीवर लिहिलं होतं, कारखान्याचं नाव, गाव, कधीपासून कधीपर्यंत. ओटमार बराच वेळ काचेपाशी उभा राहिला. नुरहयातला हे लिहावं का, की आपला कप संग्रहालयात आहे? मानाची गोष्ट होती खरी. पण कधीपर्यंत हा आकडाही पट्टीवर होता, आणि जावई तोच वाचून दाखवील. गेर्लिंडे मागून येऊन म्हणाली, "कप बघतोयस की अंत्यदर्शन घेतोयस?" त्याला हसू आलं नाही.

लोकेतला पोचेपर्यंत भुका कडकडून लागल्या होत्या. नदीने तिन्ही बाजूंनी वेढलेलं गाव, वर किल्ला, आणि किल्ल्याखाली एक खानावळ. मालकीण व्लास्ता चांगलं जर्मन बोलायची. ताटं आली, उकडलेले कणकेचे गोळे आणि दाट रस्सा. खरं तर ताटं यायच्या आधीच, रिकामी रचलेली असताना, अर्ध्या मंडळींनी ती उलटून बघितली होती. या मुलखात ते कुणी शिकवत नाही. लग्न असो, इस्पितळ असो, दुसऱ्या देशातला चहाचा ठेला असो. बशी हातात आली की आधी ती उलटी होते आणि तळाचा शिक्का वाचला जातो. मग जेवण. व्लास्ताची ताटं दुसऱ्याच कुठल्या कारखान्याची होती. लोकांनी नाकं मुरडली आणि जेवायला बसले.

मग कॉफी आली.

ओटमारने कप उचलला आणि त्याच्या बोटांना कान ओळखीचा लागला. थोडा जाड, आत एका बोटाला नेमकी जागा, अंगठा ठेवायला वर किंचित सपाट. हातांनी हजारदा केलेली हालचाल झाली, मन कुठे मधे आलंच नाही. त्याने कप उलटा केला.

कप भरलेला होता.

कॉफी पांढऱ्या मेजपोशावर, गेर्लिंडेच्या मांडीवरच्या रुमालावर आणि शेजारच्या माणसाच्या पायावर सांडली. असा काही हशा पिकला की स्वयंपाकघरातून माणसं बाहेर आली. भट्टीवरच्या एकाने म्हटलं, बघा, हा खरा डोबरलाइनचा तपासनीस, निवृत्त झाला तरी माल नाकारतोय. गेर्लिंडेने कपाळाला हात लावला. ओटमारचे कान लालबुंद झाले. एरवी तो उठून बाहेर गेला असता. पण तो उठला नाही. तो उलटा कप डोळ्यांजवळ धरून बसला होता.

तळाला झिलईखाली डोबरलाइनचा हिरवा शिक्का होता, दोन फर झाडांचा. आणि शिक्क्याच्या कडेला, ओल्या मातीत सुईने टोचलेले तीन बारीक ठिपके, त्रिकोणात.

कान लावणाऱ्या प्रत्येक बाईची डोबरलाइनमध्ये आपापली खूण असे. भट्टीत कान निखळला तर कप कुणाकडे परत पाठवायचा ते तपासनीसाला कळायला हवं. तीन ठिपके नुरहयातचे. पहिल्या आठवड्यात तिचे कप परत गेले होते. ती टोपली घेऊन सरळ ओटमारच्या टेबलापाशी आली होती, दाखवा म्हणाली. तेव्हा तिला धड वाक्यही जमत नव्हतं. त्याने काडीने वाजवून दाखवलं. कान आणि कप सारखेच ओले नसतील तर आग दोघांना वेगळं करते. तेव्हापासून ती प्रत्येक कान आणि प्रत्येक कप गालाला लावून ओल बघायची, मग पातळ मातीची खळ लावून जोडायची. बाकीच्या हसायच्या, नुरहयात कपांचे पापे घेते म्हणून. पुढे तिचे कप परत पाठवल्याचं त्याला आठवत नव्हतं.

व्लास्ता फडकं घेऊन आली आणि तिने थोड्या घुश्श्यातच विचारलं, कपात काही खोट आहे का?

ओटमारला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते. त्याने घसा खाकरला.

"खोट नाही," तो म्हणाला. "हा कान नुरहयात ओझ्कुलने लावलाय. मी ओळखतो."

दारापाशी उभा असलेला सेल्चुक हळूहळू जवळ आला. त्याने कप हातात घेतला, ठिपक्यांवरून अंगठा फिरवला, आणि विचारलं की हे नक्की मावशीचंच का. ओटमार म्हणाला नक्की. आयुष्यात फार थोड्या गोष्टींबद्दल त्याने हा शब्द वापरला असेल.

मग काय झालं ते पाहण्यासारखं होतं. सगळ्या टेबलांवर म्हाताऱ्यांनी गरम कॉफी घशाखाली लोटली आणि कप उलटे झाले. कुणाला एक रेघ मिळाली, कुणाला फुली, कुणाला चार टिंबं. ही कुणाची, ती कुणाची, नावं सुरू झाली. फुलीवाली इर्मगार्ड गेली, रेघवाली म्युनिकला मुलीकडे असते. तीन ठिपकेही बरेच निघाले. भट्टीवरचा म्हातारा कपाचा कान धरून जोरात ओढत होता आणि म्हणत होता, तोडून दाखवा की कुणी.

व्लास्ताचा राग केव्हाच पळाला होता. तिने सांगितलं की सीमा उघडली तेव्हा तिच्या आईने पलीकडून हे कप आणले. तेव्हापासून रोज वापरात आहेत, रोज धुण्याच्या यंत्रात जातात. मधे शोभेचे, सोनेरी काठांचे कपही घेऊन पाहिले. त्यांचे कान गेले. यांचा एकही गेला नाही. मग तिने तो ओटमारचा कप धुऊन, पुसून त्याच्यापुढे ठेवला. घेऊन जा म्हणाली, आठवण म्हणून.

सेल्चुकने लगेच हात पुढे केला. तो म्हणाला, "ओटमारकाका, मी कापसात बांधून पाठवतो क्युताह्याला. मावशीच्या जावयासमोर ठेवू."

ओटमारने कपावर हात ठेवला.

"नको. इथेच राहू दे," तो म्हणाला. "तो अजून कामावर आहे."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते वाक्य ऐकू आलं. त्याने ते मनातल्या मनात, सवयीने, एकदा वाजवून पाहिलं. आवाज स्वच्छ आला.

व्लास्ताने कप उचलला, त्यात नवी कॉफी ओतली आणि त्याच्यापुढे ठेवली. गेर्लिंडे म्हणाली, "आता पिऊन घे आधी."

परतीच्या वाटेवर बसमध्ये कुणी झोपलं नाही. सुपरमार्केट आलं तेव्हा भट्टीवरच्या म्हाताऱ्याने टोपी काढून तिकडे हलवली, थट्टेने, पण हलवली. या वेळी ओटमारने खिडकीतून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसला. उशीर झाल्याबद्दल माफी मागितली, कारणं दिली नाहीत. मग लिहिलं: "नुरहयात, तुमच्या जावयाचं बरोबर आहे. धुराडं बंद झालं, आता पाडलंही. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. पण त्यांना एवढं वाचून दाखवा. काल लोकेतच्या एका खानावळीत मी तुमच्या कपातून कॉफी प्यायलो. तीस वर्षं ती माणसं रोज तुमचे कप धुतात आणि एकही कान निखळलेला नाही. सेल्चुकने स्वतः बघितलं. कप तुम्हाला पाठवला नाही, कारण त्यांना तो लागतो. डोबरलाइन बुडालं, तुमचं काम बुडालेलं नाही. हे मी तपासनीस म्हणून लिहितो आहे."

पुन्हा वाचताना त्याला दोन ठिकाणी शब्द खटकले. शेवटचं वाक्य जरा मोठेपणाचं वाटलं. कागद बाजूला ठेवायला त्याचा हात गेलाही होता. गेर्लिंडेने ओट्यावरून पाकीट उचलून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते वाक्य तसंच ठेवलं. पाकीट बंद करून पत्ता लिहिला, कोट घातला, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातल्या टपालाच्या खिडकीवर जाऊन तुर्कस्तानचं तिकीट मागितलं. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, आत मोडण्यासारखं काही आहे का?

"नाही," ओटमार म्हणाला, आणि बाहेर येऊन त्याने पत्र टपालाच्या पिवळ्या पेटीत टाकलं.